मोठा करून, साफ करून

फोटो मोठा करून घ्यायची घाई माणसाला बहुतेक वेळा घरातलं कुणी गेल्यावरच होते. आदिलाबादेत माझं स्कॅनिंग-प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नाचे अल्बम, शाळेची ओळखपत्रं, दुकानांच्या पाट्या असं सगळं होतं तिथं. पण सकाळी शटर वर जायच्या आधीच पायरीवर कुणी बसलेलं दिसलं की समजायचं, हा दिवसकार्याचा फोटो. "ताई, परवा दहावा हाय. बारा-अठरा करून द्या. अन् जरा साफ करून द्या." ही मागणी मराठीत होते, तेलुगूत होते, दखनीत होते. उतनूर-नारनूरकडची माणसं असली तर आपसांत गोंडीत ठरवतात आणि माझ्याशी मराठीत बोलतात. मागणी मात्र कुठल्याही भाषेत तीच: मोठा करा, साफ करा.

आणि त्यासाठी हातात काय असतं? आधार कार्ड. मतदार ओळखपत्र. बँकेच्या पासबुकावर चिकटवलेला पासपोर्ट फोटो, त्याच्या खांद्यावरून शाखेचा गोल शिक्का गेलेला. पेन्शनच्या अर्जाची झेरॉक्स. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो आणि त्यात मागच्या रांगेत हरभऱ्याएवढं डोकं. "हेच आमचे बाबा." शेतावर मजुरी करून जन्म काढलेल्या कितीतरी माणसांचा पहिला नीट समोरून घेतलेला फोटो सरकारनं काढलेला आहे. 1993 साली निवडणूक आयोगानं फोटोची ओळखपत्रं आणली, आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या शाळांच्या व्हरांड्यांत खुर्ची, मागे चादर आणि समोर कॅमेरा अशी मांडणी होऊन माणसं रांगेनं बसवली गेली. फोटो सरकारला हवा होता. त्यांना हवा होता की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे चेहऱ्यावर रांगेत थांबल्याचा कंटाळा असतो, आणि तोच पुढे हाराखाली भिंतीवर लागतो.

मी हे काम शिकले ते एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत. लाल दिवा, डेव्हलपरचा ट्रे, हायपोचा वास आणि भिंतीला लावलेला उभा एन्लार्जर. वर निगेटिव्ह, खाली कागद, मधे भिंग. एन्लार्जरचं डोकं वर सरकवत नेलं की चेहरा मोठा होत जायचा, आणि एका हद्दीनंतर चेहरा मोठा व्हायचा थांबून नुसते कण मोठे व्हायचे. चांदीचे कण, फिल्मचे. तिथं आमचे मालक हात वर करायचे: "बस. याच्या पुढं फोटो नाही, फिल्म आहे." किती मोठं करायचं ते यंत्रावर नव्हतं, मूळ निगेटिव्ह केवढी होती त्यावर होतं. राजा दीनदयाळांनी सहाव्या निजामाच्या दरबाराचे जे फोटो काढले ते आठ-दहा इंची काचेच्या प्लेटांवर. त्या प्लेटा मोठ्या करायची गरजच नव्हती. कागदावर सरळ ठेवून तेवढ्याच आकाराची प्रत निघायची, सरदाराच्या अंगरख्याची शिवण मोजता येईल इतकी स्वच्छ. आज त्या दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. त्याच निजामी राज्याचा हा आमचा उत्तरेकडचा कोपरा. इथल्या माणसाला मात्र साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा पासपोर्ट फोटो मिळाला, तोही शंभर वर्षांनी.

त्या साडेतीन सेंटिमीटरचं गणित एकदा मांडलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक आणि नवखा ऑपरेटर दोघेही इथंच फसतात. छपाईवाले इंचाला 300 ठिपके मागतात. बारा इंच रुंदीला 3600 पिक्सेल झाले. पासपोर्ट फोटो 1200 डीपीआयवर स्कॅन केला तर रुंदीला साडेसोळाशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. मग पोरं स्कॅनरचा आकडा वाढवतात, 2400, 4800. फाईल फुगते, संगणक घरघरतो, आणि पडद्यावर वाढलेलं असतं ते काय? कागदाचे तंतू. इंकजेट प्रिंटरने उडवलेले शाईचे शिंतोडे. त्या प्रिंटमध्ये जेवढा चेहरा होता तेवढा सहाशेला, फार तर बाराशेला आलेला असतो. त्यापुढे स्कॅनर चेहरा बघत नाही, कागद बघतो.

पण एक गोष्ट गिऱ्हाइकाला माहीत नसली तरी त्याच्या बाजूनं असते. हा फोटो हातात धरून कुणी बघणार नाही. तो दाराच्या वर, सहा-सात फुटांवरून बघायचा. साधारण डोळ्याला सहा फुटांवरून अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काही वेगळं करून दिसत नाही. हिशेब केला तर इंचाला पन्नास ठिपके झाले. शंभर दिले तरी भरपूर. म्हणजे ते साडेसोळाशे पिक्सेल बारा इंचांवर पसरले तरी देव्हाऱ्याच्या खोलीत बाबा नीट दिसतात. काउंटरवर प्रिंट नाकाला लावून "पिक्सेल फुटलेत" म्हणणाऱ्याला मी रस्त्याच्या पलीकडे उभं करते आणि प्रिंट दाखवते. बहुतेक वेळा वाद तिथं मिटतो.

स्कॅन करताना खरी डोकेदुखी वेगळीच असते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो ज्या रेशमी पोताच्या कागदावर निघायचे, त्यावर बारीक उठाव असतो. हाताला छान लागतो, पण स्कॅनरचा दिवा एका बाजूनं येतो आणि प्रत्येक उठावाची सावली पडते; आजीच्या गालावर मधमाश्यांचं पोळं उमटतं. त्याला उपाय म्हणजे फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून स्कॅन करायचा, दोन्ही प्रती एकमेकींवर बसवायच्या. सावल्या परस्परविरुद्ध पडल्यामुळे बऱ्याचशा मिटतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो असेल तर तो काढायचा नाहीच. आमच्याकडचा पावसाळा दमट. वर्षानुवर्षं काचेला टेकून राहिलेल्या फोटोचा थर काचेलाच धरतो, आणि ओढला की चेहरा काचेवर राहतो, कोरा कागद हातात येतो. काचेसकट स्कॅन करा. कसरीनं खाल्लेल्या कडा तशाच ठेवा. आणि मागची बाजू विसरू नका. मागे काय काय सापडतं! स्टुडिओचा उर्दू शिक्का, पेन्सिलीनं मराठीत नाव, कुठं तेलुगूत तारीख, "चि. सौ. कां." असं काहीतरी आणि पुढचं पुसलेलं. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून पलीकडे गेले, आणि 2016 साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार झाले. सोयरिकी मात्र होत्या तिथंच राहिल्या. किनवटच्या लग्नाचा फोटो आजही माझ्याकडे येतो. त्याच्या पाठीवर छापलेलं "जि. आदिलाबाद" वाचून नव्या पिढीला हे लग्न कुठं लागलं तेच उलगडत नाही.

आता "साफ करा"कडे येते. मला सांगायचं आहे ते मुख्यतः याच्याबद्दल.

जैनदच्या बाजूची एक बाई आईचा फोटो घेऊन आली. दुसऱ्या एका ठिकाणी करून घेतलेला होता, मोठा, झकास फ्रेममधला. मूळ छोटा फोटोही सोबत. तिनं दोन्ही काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "ताई, हे माय आमची न्हाय वाटत." मी पाहिलं. नाक तेच, लुगडं तेच, डोळे तेच. काय बदललंय ते तिलाही सांगता येत नव्हतं. मूळ फोटो भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं. कपाळावर मधोमध एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठिपके, हनुवटीवर तीन, उजव्या गालावर एक. गोंदण. मोठ्या फोटोत कपाळ लख्ख, हनुवटी लख्ख. ज्यानं काम केलं होतं त्यानं काही वाईट केलं नव्हतं. "डस्ट अँड स्क्रॅचेस" नावाची सोय वापरली होती. तिचं कामच मुळी आसपासच्या रंगात न बसणारा बारीक काळा ठिपका शोधून त्या जागी शेजारचा रंग भरायचा. धूळ, माशीची घाण, बुरशी आणि गोंदण तिच्या लेखी एकच. महागड्या फिल्म-स्कॅनरमध्ये धूळ ओळखायला इन्फ्रारेड किरण असतात खरे, पण जुन्या कृष्णधवल फिल्ममधली चांदीच त्या किरणांना अडवते, त्यामुळे तिथं ते निरुपयोगी. कागदावरच्या प्रिंटला तर तो आधारही नाही. ठिपका धुळीचा की सुईचा, हे सांगणारा एकच इलाज आहे: माणसाला विचारणं.

आमच्या भागात गोंदणाला किती मोल आहे, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. कुणबी बायका गोंदतात, गोंड बायका गोंदतात, परधान-कोलामांतही आहे. आदिलाबादच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडांच्या घरी गोंदायला येत त्या तोटी बायका. तोटी ही गोंडांची गाणी-कथा जपणारी छोटी जमात, आणि गोंदणं हा त्यांच्या बायकांचा हातखंडा. सुया, काजळी आणि दुखणं विसरायला म्हटलेली गाणी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या एकच कारण सांगतात: सोनं-नाणं इथंच काढून घेतात, मेल्यावर बरोबर येतं ते एवढंच. म्हणजे बघा, जन्मभरातला एकुलता एक दागिना जो सरणावरही उतरवायचा नाही, तो संगणकानं दहाव्याच्या आत उतरवला, आणि वर साफसफाईचे पैसे घेतले.

त्या फोटोतले ठिपके मी एकेक करून परत बसवले. मूळ स्कॅनमधून उचलून, तिला शेजारी स्टुलावर बसवून. "हा हाय. हा न्हाय, तो डाग हाय. हनुवटीवर तीनच." असं करत दुपार गेली. एरवी मी इतका वेळ दिला असता तर दुकान चाललं नसतं, हेही खरं.

हे झालं पुसण्याचं. पण ठिपके जायला कुणी मुद्दाम पुसावंच लागतं असं नाही. फोटो आक्रसला तरी जातात. आता मूळ फोटो माझ्यापर्यंत फारसा येतच नाही, येतो तो व्हॉट्सॲपवर. पुण्यातल्या मुलानं गावातल्या पुतण्याला सांगायचं, पुतण्यानं भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलनं फोटो काढायचा, तो ग्रुपवर टाकायचा, ग्रुपवरून आत्यानं उचलून मला पाठवायचा. साध्या पद्धतीनं पाठवला की व्हॉट्सॲप लांबची बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणतं आणि वरून जेपेगचं दाबणं वेगळं. असे दोन-तीन मुक्काम झाले की कपाळ म्हणजे नुसता तपकिरी ठोकळा.

हे दाबणं कसं चालतं ते समजून घेतलं तेव्हा मला त्याचा राग यायचा बंद झाला, कारण ते फार हुशारीचं आहे. त्यामागचं गणित नासिर अहमद यांचं, जन्मानं बंगळुरूचे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात शिकवताना त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर 1974 साली डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मवरचा निबंध छापला. नावं बघा: तिघेही आपल्याकडचे. पुढे 1992 साली जेपेगचं मानक ठरलं ते याच पायावर. फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातल्या 64 आकड्यांच्या जागी दुसरे 64 आकडे मांडायचे. पहिला आकडा त्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे क्रमाक्रमानं बारीक होत जाणारे चढउतार. मग प्रत्येक आकड्याला ठरावीक भाजकानं भागून पूर्णांकात आणायचं. बारीक चढउतारांचे भाजक मोठे, कारण माणसाच्या डोळ्याला त्यांची उणीव भासत नाही. ते बहुतेक शून्य होतात. शून्यांना जागा लागत नाही. फाईल दहा पटींनी लहान होते आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पत्ता लागत नाही तो मोठ्या फोटोत. आधीच लहान असलेल्या फोटोत गोंदणाचा एक ठिपका दोन पिक्सेलांचा असतो. अख्खा ठिपका एका चौकोनात मावतो. म्हणजे त्या गणिताच्या भाषेत तो नेमका "बारीक चढउतार" ठरतो. पहिल्या दाबण्यात फिकट होतो, दुसऱ्यात सरासरीत मिसळतो. डोळे, नाक, मिशा मोठ्या असतात, त्या टिकतात. कुणालाही सारखंच असतं ते उरतं. एकाच बाईचं म्हणून जे असतं ते आधी जातं.

म्हणून गिऱ्हाइकांना माझं एकच पालुपद: "डॉक्युमेंट म्हणून पाठवा." त्या वाटेनं फाईल जशीच्या तशी येते. ऐकतात थोडे. एकदा ऐकलं नाही म्हणून चिडले तर समोरचा आजोबा शांतपणे म्हणाला, "डॉक्युमेंट म्हणजे जमिनीचे कागद ना, ताई? मी तर फोटो पाठवतोय." यावर काय बोलणार?

आता हल्ली तिसरा प्रकार आलाय आणि माझ्या मते तो सगळ्यांत वाईट. मोबाईलवरची ॲपं. धूसर फोटो टाका, बोट लावा, चेहरा कोरून काढल्यासारखा स्वच्छ. पापण्यांचे केस मोजून घ्या. मुलं हे घेऊन येतात आणि म्हणतात, "बघा, आम्हीच केलंय, तुम्ही फक्त छापा." या पापण्या आल्या कुठून? फोटोत नव्हत्या. 2020 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी असाच ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रातून चेहरा घडवणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला, नाव पल्स. कुणीतरी त्यात बराक ओबामांचा बारीक केलेला फोटो घातला, ज्याला सगळं जग ठोकळ्यांतही ओळखत होतं. बाहेर आला एक गोरा गृहस्थ. कारण ते यंत्र चेहरा म्हणजे काय हे ज्या सत्तर हजार फोटोंवरून शिकलं होतं, ते फ्लिकरवर लोकांनी स्वतःहून चढवलेले होते. त्यात नारनूरची म्हातारी असायचं काही कारणच नाही. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जवळचा चेहरा देतं, एवढंच. आणि दहाव्याच्या दिवशी माणसं त्या परक्या चेहऱ्यापुढे नारळ ठेवतात.

कुणी म्हणेल, फोटोत फेरफार काही आजचा नाही. बरोबर आहे. आमच्या मालकांकडे एक चित्रकार यायचे. शर्टावर कोट चढवायचे, टोपीच्या जागी फेटा, नवरा-बायकोचा एकत्र फोटो नसला तर दोन कार्डांवरून एक जोडपं. तान्ह्या बाळाचा फोटो तो गेल्यावरच काढलेला असला तर मिटलेले डोळे ब्रशनं उघडायचे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंवर 'कॅमेरा इंडिका' हे पुस्तक 1997 साली लिहिलं, त्यात असल्या कामांना मान दिलेला आहे, आणि तो योग्यच आहे. पण फरक बघा. तो कोट मागून घेतलेला असायचा. मुलाला ठाऊक असायचं की बापानं जन्मात कोट घातला नाही. त्याला बापाला एकदा कोटात बघायचं होतं. डोळे उघडून घेतले ते आईनं सांगून. आताची पापणी कुणी मागितली नव्हती. आणि ती खोटी आहे हे आणणाऱ्यालाही माहीत नाही. दहा वर्षांनी तर कुणालाच नसेल.

कागदाच्या बाबतीत हेच आणखी भयंकर होतं. 2013 साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाला दिसलं की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर घराचा नकाशा स्कॅन केला की खोल्यांचं क्षेत्रफळ बदलतं. मूळ कागदावर तीन वेगवेगळे आकडे. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या 14.13 चौरस मीटर. जागा वाचवायला यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकदाच साठवायचं आणि बाकी ठिकाणी तीच छापायचं. आकडे धूसर असते तर कुणी संशय घेतला असता. ते स्वच्छ, ठसठशीत होते. माझ्याकडे सातबारा, पहाणीचे जुने उतारे स्कॅनला येतात तेव्हा ही गोष्ट डोक्यातून जात नाही. धूसर तिथं धूसर राहू दे, असं मी म्हणते ते आळसानं नाही. धूसरपणा निदान सांगतो की इथलं आपल्याला दिसलेलं नाही.

जपून ठेवायचं असेल तर रीत सोपी आहे, फक्त महाग आहे. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, टिफमध्ये ठेवा. 26 एमबी होतात. काही न गमावता आवळायचं तर एलझेडडब्ल्यूसारखी पद्धत आहे, पण जुन्या फोटोंचे कण इतके विस्कळीत असतात की फार काही वाचत नाही. या मूळ प्रतीला हात लावायचा नाही. पाहायला, पाठवायला, छापायला तिच्यातून दर वेळी नवी जेपेग काढायची, आणि जेपेगची जेपेग कधी करायची नाही. मोठी अभिलेखागारं असंच करतात. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढी मोठी फाईल काय करायची? मोबाईलमध्ये बसत न्हाय."

पण फाईल राखली म्हणजे फोटो राहिला, असंही नाही. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावची गोष्ट घ्या. तिथं गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं होती. ती वाचू शकणारी म्हातारी माणसं अगदी मोजकी उरली होती, तेव्हा हैदराबादहून अभ्यासक आले. त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून एकेक अक्षर समजून घेतलं, आणि 2018 साली गुंजाळा गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. त्या हस्तलिखिताच्या एका पानाचं चित्र साठवायचं तर काही एमबी हवेत. तेच पान युनिकोडात टाइप केलं तर अक्षराला चार बाइट, म्हणजे सगळं मिळून काही केबी. एवढं आवळूनही काही गेलं नाही, कारण वाचणारं कुणीतरी जिवंत होतं. तीच म्हातारी माणसं आधी गेली असती, तर कितीही डीपीआयचा स्कॅन घेऊन आपण नक्षी बघत बसलो असतो.

फोटोचंही तसंच आहे. फोटो राखले गेले, पण ओळख राखली गेली नाही, असा उलटा नमुनाही आमच्याच जिल्ह्यात आहे. निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कुमराम भीम 1940 साली मारला गेला. गोंडांमध्ये एवढा असंतोष कशामुळे हे समजून घ्यायला निजाम सरकारनं ज्यांना पाठवलं ते ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, मूळचे व्हिएन्नाचे, महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून हैदराबाद संस्थानात अडकलेले. पत्नी बेटींबरोबर मार्लवाईला झोपडीत राहिले. 1943 साली तिथंच गोंड शिक्षकांसाठी केंद्र काढलं, आणि गोंडीची पहिली पुस्तकं निघाली ती देवनागरीत, कारण या भागात लोकांना मराठीची सवय होती. फोटो तर त्यांनी हजारोंनी काढले: दंडारीचा नाच, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी, केसलापूरची नागोबा जत्रा, दारात उभ्या बायका. ते सगळं आज लंडनला, सोआस या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. बेटी 1987 साली गेल्या, त्यांची समाधी मार्लवाईत आहे, आणि दरवर्षी 11 जानेवारीला तिथं गावं जमतात. मार्लवाई आता कागदोपत्री आसिफाबाद जिल्ह्यात गेलंय, ते सोडा.

म्हणजे ज्यांच्या घरात पासपोर्ट फोटोपलीकडे काही नाही, त्यांच्याच पणज्यांचे चेहरे चांगल्या फिल्मवर, गोंदणाच्या ठिपक्यासकट, थंड खोलीत सुरक्षित आहेत. पण त्या काळच्या मानववंशशास्त्राची रीत अशी की जमात लिहायची, गाव लिहायचं, प्रसंग लिहायचा. माणसाचं नाव असेलच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या हरभऱ्याएवढ्या डोक्याला नाव असतं, नातं असतं, रडणारी लेक असते, फक्त चेहरा नसतो. तिकडे चेहरा आहे.

गेल्या हिवाळ्यात जैनूरकडचा एक कॉलेजातला मुलगा आला. इंटरनेटवरून उतरवलेला असाच एक जुना फोटो होता, अंगणात उभ्या दहा-बारा माणसांचा. पाहण्यापुरती बारीक प्रत. अर्धं तेलुगू, अर्धं मराठीत त्याचं म्हणणं: जानेवारीच्या कार्यक्रमाला न्यायचाय, जेवढा मोठा होईल तेवढा करा. मी त्याला स्पष्टच सांगितलं, की बारा-अठराच्या पुढे गेलं तर ठोकळे दिसतील, ॲपमधून काढू नको, खरी मोठी प्रत हवी तर लंडनला लिहून मागव. लिहिलंय म्हणाला, उत्तर यायचंय. मग मी विचारलं, यातले तुझे कोण? त्याला माहीत नव्हतं. गावात दोन म्हाताऱ्या आहेत, त्या ओळखतील असं बापानं सांगितलेलं. पण त्यांना मोबाईलच्या पडद्यावर दिसत नाही, म्हणून कागदावर हवाय.

मी चेहऱ्यांना हात लावला नाही. थोडा उजेड वाढवला, कडेचा काळा भाग कापला. किती इंच ठेवू विचारलं तेव्हा तो म्हणाला, फोटो थोडा लहान झाला तरी चालेल, खाली चार बोटं पांढरी जागा सोडा, नावं लिहायची आहेत. मी ग्लॉसी कागद लावायला घेतला तर त्यानं थांबवलं. "ह्याच्यावर पेन चालत नाही, मॅडम. मॅट द्या."